वाचकांचे प्रश्न : आजीच्या माळेतला समुद्र

प्रश्न : सर, मी दहावीत आहे, जिंतूर तालुक्यातल्या एका गावात राहते. विज्ञान भाग २ मध्ये प्राण्यांचं वर्गीकरण आहे, त्यात मला समुद्रातले प्राणी सगळ्यात जास्त आवडले. पण मी अजून समुद्र पाहिला नाही. आमच्या शाळेत बरणीत एक तारामासा आहे, तो पांढरा पडलाय. पप्पांचा मोबाइल संध्याकाळी मिळतो. त्यावर समुद्रातल्या जीवांची खरी माहिती कुठं बघावी? यूट्यूबवर शोधलं की नुसते शार्कच निघतात. आणि इकडं राहून पुढं हे शिकता येतं का?
– एक विद्यार्थिनी, जि. परभणी

उत्तर : बाळ, तुझी ती बरणी वाचून आधी माझंच पाप आठवलं. एकतीस वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्याही कपाटात असाच तारामासा होता, खडूसारखा पांढरा. दरवर्षी तो टेबलावर ठेवायचो, ‘कंटकचर्मी संघ, पाच बाहू’ असं सांगायचो आणि परत कपाटात. बरणीतल्या औषधानं रंग उडालाय, जिवंतपणी हा असा नसतो, एवढं एक वाक्य सांगायचं मला कधी सुचलं नाही. सुचणार कसं? मीसुद्धा समुद्र एकदाच पाहिला होता. बीएस्सीच्या सहलीत, मालवणला, तेही ऐन भरतीत. खडक सगळे पाण्याखाली. निवृत्त झाल्यावर पोरानं फोन घेऊन दिला, तेव्हा कुठं मला नारिंगी नि जांभळे तारामासे दिसले. त्या रात्री खरं सांगतो, जुन्या विद्यार्थ्यांना एकेक फोन लावून माफी मागावी वाटली.

म्हणून तुला वेबसाइटांची यादी आधी देत नाही. यादी दिली की तू सगळ्या उघडशील, आणि आठ दिवसांत परत शार्कवर येशील. आधी घरातला समुद्र शोध. हसू नको. घरात आजी असेल आणि तिची तुळजापूरची वारी असेल, तर परडीजवळ कवड्यांची माळ असणार. आपल्याकडं अशी घरं काही कमी नाहीत. आजीला विचारून, हातपाय धुऊन, ती माळ उजेडात घे.

एकच कवडी नीट बघ. खालच्या बाजूला लांबट चीर, दोन्ही काठांना दातांसारख्या खाचा. पाठ बहुधा दोरा ओवण्यासाठी घासून फोडलेली असते. त्या भोकातून आत डोकावलीस तर वळत गेलेली भिंत दिसेल, म्हणजे ही गोगलगायच, नुसती वळी झाकलेली. घासलेल्या कडेला जांभळट थर दिसतो. माळेत एखादी न फोडलेली कवडी निघाली तर आणखी मजा. पाठ पिवळसर, कडेला टेंगळं असतील तर ती एक जात. पाठीवर सोनेरी कडं काढल्यासारखी गोल रेघ असेल तर दुसरी.

आता मोबाइल घे. गूगलवर ‘मनी काऊरी’ टाकलंस की पहिल्या जातीचं शास्त्रीय नाव मिळेल, ‘रिंग काऊरी’ टाकलंस की दुसरीचं. ती नावं वहीत स्पेलिंगसकट उतरव आणि ‘वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज’ ही साइट उघड. सगळे तिला ‘वर्म्स’ म्हणतात. बेल्जियममधल्या ऑस्टेंड गावची एक सागरी संस्था ती सांभाळते. समुद्रातल्या दोन लाख चाळीस हजारांहून जास्त जातींची मान्य नावं तिथं आहेत, आणि एक पैसा लागत नाही. दिसायला साइट रुक्ष, तलाठ्याच्या दप्तरासारखी. पण कामही तसंच करते: कोणतं नाव कुणाच्या नावावर, कधी चढलं, मग फेरफार काय झाला. आपल्या पिवळ्या कवडीला लिनिअस या शास्त्रज्ञानं १७५८ मध्ये ‘सायप्रिया मोनेटा’ म्हटलं होतं. ते नाव टाकून बघ, साइट सांगते की हे आता चालत नाही, मान्य नाव ‘मोनेटारिया मोनेटा’. लॅटिनमध्ये मोनेटा म्हणजे नाणं. मालदीवमधून या कवड्या जहाजं भरभरून बंगालात यायच्या आणि बाजारात चलन म्हणून चालायच्या. आपण सोयाबीन कवडीमोल गेलं म्हणतो ना, तीच ही कवडी.

नाव हातात आलं की ‘आयनॅचरलिस्ट’वर जा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून हे सुरू केलं. जगभरातली माणसं आपण पाहिलेल्या जिवांचे फोटो जागा नि तारखेसह इथं टाकतात, आणि बाकीचे ते ओळखतात. ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांपेक्षा जास्त लोकांचं एकमत झालं की त्या नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ शिक्का मिळतो. तू तोच शिक्का बघत जा. इथं जिवंत कवडीचे फोटो शोध. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चुकीचं पान उघडलं असं वाटलं. कवडी दिसेच ना! खडकावर मऊ, ठिपक्याठिपक्यांचं, झालरीचं काहीतरी बसलेलं. कवडीचं मांस दोन्ही बाजूंनी वर येऊन शिंपल्यावर शालीसारखं पांघरलं जातं, त्याला प्रावार म्हणतात. तोच शिंपल्यावर थर चढवत राहतो, म्हणून कवडीला कुणी पॉलिश न करता ती चकाकते. आजीला हा फोटो नक्की दाखव.

एक मात्र करू नको, जे मी केलं. उत्साहाच्या भरात मी घरच्या माळेतल्या कवडीचा फोटो काढून तिथं चढवला आणि जागा टाकली आमची गल्ली. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा परदेशी माणसाचा अत्यंत नम्र प्रश्न: ‘हा जीव आपल्याला या ठिकाणी जिवंत आढळला का?’ नकाशावर अख्ख्या मराठवाड्यात समुद्री गोगलगाईचा एकच ठिपका, माझ्या न्हाणीघराशेजारी. मुकाट्यानं काढून टाकला. तिथं खातं काढायचं तर तेरा वर्षं पूर्ण लागतात, तुझी झाली आहेत, पण पप्पांना विचारूनच काढ. आयनॅचरलिस्टचंच ‘सीक’ नावाचं ॲप आहे, त्याला खातं लागत नाही. कॅमेरा धरला की नाव सुचवतं. शेतातल्या किड्यांवर आधी हात बसव.

दुसरा समुद्र आठवडी बाजारात आहे. सुका बोंबील नि सुकट. आमची आई माळकरी. बोंबील घरात आणायचा विषयच नव्हता. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायचो आणि तिथला शिपाई माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायचा. तुमच्याकडं चालत असेल तर एक बोंबील कोमट पाण्यात भिजव आणि जबडा उघड. आत वळलेले सुयांसारखे दात दिसतील. एवढा मऊ मासा, नि तोंड असं! बाजारातल्या बहुतेक बोंबलांचं तोंड वासलेलं कामून असतं, माहीत आहे? किनाऱ्यावर कोळी बायका दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर वाळत टाकतात. मेल्यावरही एकमेकांना धरून असतात बिचारे. सुकट घेतलीस तर त्यातला जवळा निवड, पांढऱ्या कागदावर ठेव आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठा करून बघ. काळे डोळे ठिपक्यांसारखे, लांब मिशा, वळलेलं शेपूट. तुझ्या पुस्तकातला संधिपाद संघ दहा रुपयांत.

माशांसाठी ‘फिशबेस’. १९९६ पासून इंटरनेटवर आहे, पस्तीस हजारांहून जास्त जाती. माझं आवडतं कारण वेगळंच: इथं बोलीभाषेतल्या नावांनीही मासा शोधता येतो, त्यात मराठी नावंसुद्धा आहेत, फक्त इंग्रजी अक्षरांत. ‘बॉम्बिल’ असं टाकून बघ. मासा किती वाढतो, काय खातो, किती खोल राहतो, सगळं एका पानावर. जवळा हा मासा नव्हे, त्यासाठी त्याच लोकांची ‘सीलाइफबेस’ आहे.

इंग्रजीची भीती मनात आहे, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळतं. शास्त्रीय नावं लॅटिन, ती पुण्या-मुंबईच्या पोरांनाही परकीच. बाकी मजकूर ब्राउझर मराठीत करून देतो, भाषांतर कधी कधी हसण्यासारखं असतं, पण अर्थ लागतो. आणि मराठी विश्वकोश आता फुकट ऑनलाइन आहे. त्यातल्या प्राण्यांच्या नोंदी जुन्या वळणाच्या असल्या तरी भक्कम आहेत. आधी ती नोंद वाचावी, मग इंग्रजी पान उघडावं.

आता बघण्याची हौस. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयाचे कॅमेरे थेट चालू असतात. जेलीफिशचा मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात कुणी बोलत नाही. तिकडं सकाळी सातला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात, थंडीत साडेआठ. जेवणं उरकून पप्पांचा फोन मिळायची नेमकी वेळ! डेटा मात्र फार खातं, पंधरा मिनिटं पुरे. खोल समुद्रासाठी ‘श्मिट ओशन इन्स्टिट्यूट’चं यूट्यूब चॅनल. त्यांचं ‘सुबॅस्टियन’ नावाचं यंत्र साडेचार हजार मीटरपर्यंत उतरतं, आणि त्याचा कॅमेरा जे बघतो ते आपण घरी बसून बघतो. मार्च २०२५ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ सँडविच बेटांजवळ त्यानं सहाशे मीटर खाली एक कोलोसल स्क्विड, म्हणजे महाकाय माकूळ, टिपला. पिल्लूच, फूटभर लांब, काचेसारखं आरपार. या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळालं १९२५ मध्ये. पण त्याच्या घरी, जिवंत, तो पहिल्यांदा दिसला तो शंभर वर्षांनी.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या व्हिडिओंबद्दल सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगतो. देवमाशाच्या अंगावरचे बार्नेकल, म्हणजे घट्ट चिकटून बसणारे कवचवाले छोटे जीव, माणसं हातांनी ओरबाडून काढताहेत आणि देवमासा डोळ्यांत पाणी आणून आभार मानतोय, असा व्हिडिओ मी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, ‘निसर्गाची कृतज्ञता’. दहा मिनिटांत एकाचं उत्तर: ‘सर, त्या माणसाच्या हाताला सहा बोटं आहेत.’ कॉम्प्युटरनं बनवलेला व्हिडिओ होता. बार्नेकल देवमाशांवर असतात हे खरं, बाकी सगळं थाप. तेव्हापासून मी तीन गोष्टी शोधतो: जीवाचं पूर्ण नाव, चित्रणाची जागा, आणि चित्रण करणाऱ्याचं नाव. तिन्ही नसतील तर पुढं पाठवत नाही.

राहिलं पुढच्या शिक्षणाचं. समुद्र लांब म्हणून नाउमेद होऊ नको. देशाच्या समुद्राची रोजची खबर देणारी ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था कुठं आहे माहीत आहे? हैदराबादला! मासे कुठं सापडायचा संभव आहे, लाटा किती उंच, त्सुनामीचा इशारा, सगळं तिथून निघतं. तिथून समुद्र काही आपल्यापेक्षा फार जवळ नाही. आणि आपल्या मराठवाड्यात, उदगीरला, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. बारावी विज्ञाननंतर तिथं पदवी करता येते. दुसरी वाट बीएस्सी प्राणिशास्त्राची, मग सागरी जीवशास्त्रात किंवा सागरी विज्ञानात एमएस्सी: कोचीचं कुसाट विद्यापीठ, गोवा विद्यापीठ, किंवा तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलै विद्यापीठाचं केंद्र. दहावीत इतकंच पुरे.

मुंबईला कुणी नातेवाईक असतील तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हे नाव लिहून ठेव. २०१७ पासून ही मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवतात, गिरगाव चौपाटीसारख्या ठिकाणीसुद्धा. त्यांच्या नोंदी आयनॅचरलिस्टवर आहेत. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं जा, पण निघण्याआधी ओहोटीची वेळ बघून जा. माझ्यासारखं भरतीत पोहोचू नको.

प्रश्न : पैठणला नाथसागरातली वाम मिळते. मुंबईचा जावई म्हणतो, वाम समुद्रातली असते, तुमची ही वाम नव्हेच. खरं काय?
– एक वाचक, पैठण

उत्तर : दोघंही बरोबर, तेव्हा जावयाशी भांडू नका. नाव एक, मासे दोन. फिशबेसवर दोन्हींची पानं शेजारी शेजारी उघडली की उलगडा होतो. आपली नदीची वाम म्हणजे मॅस्टासेम्बेलस आर्मेटस. ती गोड्या पाण्यातच जन्मते नि तिथंच मरते. कोकणातली वाम काँग्रेसॉक्स गटातली, समुद्रातली, आठ फुटांपर्यंत वाढणारी, आणि नात्यानं आपल्या वामेची फार लांबची. दिसायला दोन्ही सापासारख्या, म्हणून कोळ्यांनी एकच नाव ठेवलं.

खरी मधली कडी आहे ती अहीर. गोदावरीसारख्या नद्यांत वाढणारा, पण अंडी घालायला समुद्रात जाणारा मासा. वाटेत धरणं आली की त्याचा रस्ता अडतो. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या भोई मंडळींना विचारा, धरणाआधी अहीर मिळायचा का. कुणी सांगितलं तर मला जरूर कळवा.

वाम ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या वेळी मासा हातात आला की पाठीवरून बोट शेपटीकडून डोक्याकडं हळूच फिरवा. नदीच्या वामेला पाठीवर तीस-चाळीस सुटे बारीक काटे असतात, ते टोचतात. समुद्रातल्या वामेची पाठ गुळगुळीत, पण तिच्या तोंडात बोट घालू नका.