१९३२-३३ चा युक्रेनमधला दुष्काळ स्टालिनने मुद्दाम घडवला होता का?
माझ्या मते हो. पीक कमी आलं होतं हे खरंय, पण एवढी माणसं मेली ती सोव्हिएत सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीमुळे. ठरवून दिलेला धान्याचा कोटा भरला नाही की गाव काळ्या यादीत, मग तिथल्या दुकानात मीठ-काडेपेटीसुद्धा येणं बंद, आणि वसुलीवाले घरात घुसून लोखंडी गज जमिनीत खुपसून बघायचे की कुठे धान्य पुरलंय का, बियाण्याचं पण उचलून न्यायचे. ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने तर शेतात पडलेल्या ओंब्या वेचल्या तरी १० वर्षं कैद नाहीतर गोळी! जानेवारी १९३३ मध्ये शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर जायलाही बंदी केली, म्हणजे जगायला पळायचं तरी कुठे? ३५ लाखांच्या वर लोक मेले, आणि त्याच काळात परदेशात धान्य विकणं चालूच होतं.