ग्लूटामेट एकच, मग रिसेप्टर इतके कशाला?

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. मेंदूतल्या पेशी निरोप धाडायला वापरतात ते ग्लूटामेट हे एकच रसायन, तर ते पकडायला पेशीवर एएमपीए, एनएमडीए, कायनेट, मेटाबोट्रॉपिक असे रिसेप्टर (ग्राहक प्रथिनं) कशासाठी? 'एएमपीए जलद, एनएमडीए संथ' हे पाठ आहे, पण पटत नाही.

उत्तर : पटत नाही हे बरंच आहे. जलद-संथ खरं, पण खरी गोम वेगळीच आहे. मला ती चुकीतून कळली. उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागाच्या) कापांवर काम करताना एका सकाळी द्रावणात मॅग्नेशियम घालायलाच विसरले. थोड्या वेळाने एरवी शांत असणाऱ्या पेशी फेफरं आल्यासारख्या एकदम धडधडू लागल्या. आधी इलेक्ट्रोडला दोष दिला, मग वायरींना. शेवटी वही उघडली, तर मॅग्नेशियमपुढे खूणच नव्हती!

एनएमडीएच्या मधल्या, आयनांनी ये-जा करायच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. पेशी -70 मिलिव्होल्टच्या आसपास स्वस्थ असेल, तर ग्लूटामेट चिकटूनही प्रवाह जवळजवळ वाहत नाही. शेजारच्या एएमपीएमधून सोडियम शिरून पेशी पुरेशी डिपोलराइझ झाली (तिचा ऋण विद्युतदाब शून्याकडे सरकला) की बूच निघतं आणि कॅल्शियमही आत येतं. थोडक्यात, एएमपीए निरोप पोचवतो. एनएमडीए बघतो की निरोप आला तेव्हा ही पेशीही जागी होती का. (एनएमडीए उघडायला ग्लूटामेटच्या जोडीला ग्लायसीन किंवा डी-सेरीन हे अमिनो आम्लही लागतं, परीक्षेत हे हमखास राहतं.) त्या कॅल्शियममुळे सिनॅप्सवर, म्हणजे दोन पेशींच्या जोडावर, आणखी एएमपीए बसतात आणि सिनॅप्स बळकट होतो. हे बळकट होणं ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी सशाच्या मेंदूत 1973 मध्ये दाखवलं. बुचाचा उलगडा व्हायला 1984 उजाडलं.

संथपणाही इथेच कामी येतो. एएमपीएचा प्रवाह काही मिलिसेकंदांत ओसरतो, एनएमडीएचा बराच रेंगाळतो. त्यामुळे पेशी जराशी उशिरा जागी झाली तरी चालतं.

मेटाबोट्रॉपिक 8 प्रकारचे. त्यांना छिद्र नसतंच, ते जी-प्रोटीनमार्फत (पेशीच्या आत संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांमार्फत) काम करतात; काही तर निरोप धाडणाऱ्या टोकावर बसून ग्लूटामेटचं सुटणंच कमी करतात. कायनेटबद्दल पुन्हा कधीतरी.

प्रात्यक्षिकाची संधी मिळाली, तर एकच पेशी आधी -70 मिलिव्होल्टवर आणि मग +40 वर धरून तेच उद्दीपन द्या. -70 वर प्रवाहाचं छोटं टोक दिसेल. +40 वर तो उलट्या दिशेला जाईल आणि मागे लांबलचक शेपूट राहील. मग द्रावणात एपी5 (एनएमडीए अडवणारं रसायन) सोडा. शेपूट गळून पडेल, टोक तेवढं उरेल.