नर्सिंगला प्रवेश तुमचा, तिकीट आईचं?

नॉर्थ कॅरोलिनातून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "वय ३७. कोल्हापूरला मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं, लग्न करून इथे आले. बरीच वर्षं एच-फोरवर (नवऱ्याच्या एच-वनबीमुळे मिळणारा व्हिसा) घरी होते, आता ईएडी (कामाचा परवाना) आहे. जवळच्या खाजगी विद्यापीठात सोळा महिन्यांचा ॲक्सिलरेटेड बीएसएन (नर्सिंगची पदवी) करायचा विचार आहे. फी सत्तर हजार डॉलरच्या आसपास जाते. मोठा मुलगा आठ वर्षांचा, धाकटी चार. यांना कामासाठी महिन्यातून दोनदा तरी बाहेरगावी जावं लागतं. मुलांची काळजी नाही, कारण आधी आई सहा महिने येईल, मग सासूबाई, मग पुन्हा आई. तेव्हा फी झेपेल का, आणि 'एम.एस्सी. करून नर्स?' म्हणणाऱ्या नातेवाइकांना काय सांगू, एवढंच विचारायचं आहे."

एवढंच विचारायचं असेल तुम्हाला. मी मात्र "मुलांची काळजी नाही" या वाक्यावरून पुढे सरकले नाही. सदराचे जुने वाचक हसत असतील, आल्या बाई पुन्हा आजी-आजोबांवर. येणारच. आपल्याकडे कुणाला डोहाळे लागोत, प्रमोशन मिळो नाहीतर ॲडमिशन, पहिला फोन साताऱ्याला किंवा सांगलीला जातो: आई, तू कधी येतेस?

ॲक्सिलरेटेड म्हणजे नेमकं काय, ते माहितीपत्रकातल्या हसऱ्या चेहऱ्यांवरून कळत नाही. तुमची आधीची पदवी धरून नर्सिंगचा सगळा भाग, म्हणजे मेडिकल-सर्जिकल, बाळंतपण, बालरोग, मानसिक आरोग्य, कम्युनिटी हेल्थ, साधारण वर्ष-दीड वर्षात कोंबलेला असतो. उन्हाळ्याची सुट्टी विसरा. वर्ग आणि सिम्युलेशन लॅब यांच्या जोडीला आठवड्यातून एक-दोन दिवस क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष काम, आणि ते बहुतेक वेळा बारा तासांचं. सकाळी सातला रात्रपाळीची नर्स रिपोर्ट देते, त्याआधी तुम्ही स्क्रब्ज घालून तिथे हजर पाहिजे. हॉस्पिटल कुठलं मिळेल हे तुमच्या हातात नसतं. तासाभराच्या अंतरावरचं आलं तर घरातून साडेपाचला निघायचं. फोन लॉकरमध्ये. बुडालेलं क्लिनिकल भरून काढायला फारच थोडी मुभा असते, आणि एका विषयात अडकलात तर पुढच्या बॅचसाठी थांबावं लागतं.

आता या दिवसात तुमच्या आईला ठेवून बघा. पहाटे साडेपाच, बाहेर काळोख, तुम्ही निघालात. धाकटीच्या डे-केअरचं दार सातला उघडतं, तिला सोडायला गाडी हवी. दहा वाजता शाळेतून फोन येतो, मुलाला ताप आहे, घेऊन जा. तुमचा फोन लॉकरमध्ये, यांचा विमानात. तुम्हाला माणूस हवं ते या दोन प्रसंगांना, पहाटेला आणि तापाला, आणि नेमके हेच दोन प्रसंग गाडी न चालवणाऱ्या, शाळेच्या ऑफिसशी इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या बाईच्या आवाक्यातले नाहीत. (तुमची आई दोन्ही करत असेल तर माझी माफी, आणि त्यांना माझा नमस्कार सांगा.) त्यांना जमतो तो स्वयंपाक. पण तुमचं अडणार होतं ते स्वयंपाकावाचून नव्हेच. कुकर तुमच्या यांनाही लावता येतो.

बरं, "मग पुन्हा आई" हे तुम्ही फार सहज लिहिलंत. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळी किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि बहुधा तो सहा महिने देतो. सहा महिने राहून गेलेली बाई थोड्याच दिवसांत परत सहा महिन्यांसाठी दारात उभी राहिली की तो प्रश्न विचारणारच. दोन म्हाताऱ्या बायकांना रिले शर्यतीतल्या काठीसारखं आलटून पालटून पळवायचं आणि एक काठी अटलांटाच्या इमिग्रेशनला खाली पडली, तर तुमची फायनल कोण देणार?

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "(आईला मधुमेह आहे, गुडघेही दुखतात.)" कंसात! व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या आजारांचा खर्च सहसा देत नाही. काही योजना आजार अचानक उफाळला तरच, आणि तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत देतात. इथल्या इमर्जन्सी रूमच्या एका फेरीचं बिल काय येतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि बाबा? ते तर पत्रात कुठेच नाहीत. सहा महिने त्यांचा डबा कोण देणार?

माझ्या धाकट्या जावेनं न्यू जर्सीत हाच अभ्यासक्रम केला. सासूबाई ऐन नोव्हेंबरात आल्या. मुलं शाळेत, दीर ऑफिसात, सून हॉस्पिटलात आणि सासूबाई बंद खिडकीशी बसून व्हॉट्सॲपवर वाड्यातल्या बायकांचे फोटो बघत. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही, त्या फक्त जेवण कमी करतात. जाऊ बारा तास परक्या आज्यांचं ब्लड प्रेशर मोजून यायची, आणि घरातल्या आजीचं कितीतरी दिवसांत कुणी मोजलं नव्हतं. मी गेले तेव्हा मोजलं. पुढे जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. सासूबाई परत गेल्या आणि आमच्या दिरांना शोध लागला की डबे आपल्यालाही भरता येतात, आणि क्लिनिकलच्या दिवशी दहाला कामावर आलं तरी कंपनी बंद पडत नाही. जाऊ आता डायलिसिस युनिटमध्ये आहे, उत्तम चाललंय.

तेव्हा डिपॉझिट भरण्याआधी यांना शेजारी बसवा. विद्यापीठाला विचारा की क्लिनिकलचं ठिकाण आणि पाळी किती दिवस आधी कळते, संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची पाळी मिळू शकते का, किती गैरहजेरी चालते. मग यांनी आपल्या मॅनेजरशी बोलायचं, तुम्ही नव्हे: सोळा महिने प्रवास कमी, आणि क्लिनिकलच्या दिवशी प्रवास नाही. शाळेचं बिफोर-केअर (शाळा भरण्याआधी मुलांना सांभाळायची सोय) लावा. मुलांना घेऊन जाण्याच्या यादीत एका मराठी कुटुंबाचं नाव घाला आणि त्यांच्या अडचणीला तुम्ही उभ्या राहा. सांभाळणारी पगारी बाई ठेवावी लागली तर लाजू नका. पूर्ण वेळ शिकणारी बायको चाइल्ड केअर टॅक्स क्रेडिटच्या हिशेबात कमावती धरतात, दोन मुलं असली तर तिची कमाई महिना ५०० डॉलर धरून (हातात येणारी रक्कम नव्हे). यांच्या कंपनीत डिपेंडंट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायची सोय) आहे का तेही बघा. त्याची वार्षिक मर्यादा २०२६ पासून ७,५०० डॉलर झाली आहे.

आईला जरूर बोलवा. एप्रिलमध्ये, बाबांसह, फिरायला. किंवा शेवटी पिनिंगच्या, म्हणजे नव्या नर्सना बिल्ला लावतात त्या समारंभाला.

आता तुमचे प्रश्न. फीसाठी फाफ्सा (सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज) भरायचा मनात असेल तर थांबा, एच-फोरवर फेडरल कर्ज मिळत नाही. खाजगी कर्जाला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन बहुधा लागतोच. कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या एडीएन या नर्सिंगच्या छोट्या पदवीनंतरही हीच एनक्लेक्स (लायसन्सची परीक्षा) आणि हेच आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स, फी कितीतरी कमी. मात्र प्रवेशाला रांग असू शकते आणि बरीच हॉस्पिटलं बीएसएन मागतात, हे धरून हिशेब करा. कॉलेजचा एनक्लेक्सचा निकाल राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे बघा, सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का तपासा, आणि बॅचमधले किती जण वेळेत बाहेर पडले तेही विचारा. तुमची मायक्रोबायोलॉजी बरीच जुनी झाली असणार. अनेक विद्यापीठं पाच-सात वर्षांपूर्वीचे विज्ञान विषय धरत नाहीत, त्यामुळे मार्कशीटचं कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन आधी करून घ्या. ईएडीची मुदत कधी संपते ते आजच पाहा. नूतनीकरणाचा अर्ज १८० दिवस आधी करता येतो.

नातेवाइकांना काही सांगू नका. गोळ्या बदलल्या की तेच तुम्हाला फोन करतील.

राहता राहिली क्लिनिकलआधीची टीबीची तपासणी. आपण सगळे बीसीजी घेतलेले, त्यामुळे त्वचेवरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचे एक्स-रे आणि नसता घोर. पहिल्यापासून रक्ताची टेस्ट मागा.