पाय दुखले की पाकीट उघडतं : मोठ्या मुलांसह मुंबई

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ‘मुलांना मुंबई दाखवायची आहे, खर्च झेपेल का?’ असं विचारणारी पत्रं येऊ लागतात. यंदाच्या बहुतेक पत्रांतली मुलं तेरा ते सतरा वर्षांची आहेत. या वयाच्या मुलांना कडेवर घेता येत नाही, आणि ‘चल’ म्हटलं की ती येतीलच असंही नाही. त्यातल्या निवडक प्रश्नांना उत्तरं देते.

आम्ही लातूरचे. दोघं नवरा-बायको, मुलगा १३, मुलगी १६. तीन दिवस हाताशी आहेत. नणंद बदलापूरला राहते, ती म्हणते आमच्याकडेच उतरा. लॉजचे पैसे वाचतील. काय करावं?

नणंदबाईंकडे जरूर राहा, पण शेवटची एक रात्र. आधीच्या दोन रात्री मुंबईतच काढा.

बदलापूरहून सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर. लोकलने दीड तास जायला, दीड तास यायला. त्यात सकाळी आठला निघालात तर अख्खं बदलापूर तुमच्याबरोबर निघालेलं असतं. दादरला उतरेपर्यंत मुलगा घामाघूम आणि मुलगी गप्प. मुंबईत फिरायला पैसे फारसे लागत नाहीत. लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं, बेस्टची साधी बस दहापासून, वातानुकूलित बारापासून. चौघांचा दिवसाचा लोकल-बसचा खर्च अडीचशेच्या आत सहज बसतो. पैसे जातात ते दमल्यावर. दुपारचे चार वाजतात, पाय दुखतात, कुणीच कुणाशी बोलत नाही. मग टॅक्सी होते, मग ‘जरा एसीत बसू या’ होतं आणि चार कोल्ड कॉफी येतात. आमच्या घरी हे एकदा झालंय. वाचवलेलं लॉजभाडं एका संध्याकाळीत संपलं, वर भांडण झालं ते वेगळं.

म्हणून राहायची जागा अशी शोधा की दुपारी दोन तास परत येऊन आडवं होता येईल. सीएसएमटी, धोबीतलाव, मुंबई सेंट्रल किंवा दादर, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. रेल्वेचं कन्फर्म तिकीट असेल तर आधी रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी बघा. त्यांचं बुकिंग पीएनआरवर आयआरसीटीसीच्या साइटवरून होतं. नाही मिळाली तर लॉजला फोन करून तीन गोष्टी विचारा. चौघांना एका खोलीत ठेवता का, जास्तीच्या गादीचे किती घेता, आणि दिवस चोवीस तासांचा धरता की दुपारी बाराला संपतो? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. सकाळच्या गाडीने उतरणाऱ्यांना तोच महागात पडतो. खोली बाराला मिळणार असेल तर बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट जवळ हवं, नाहीतर घेत नाहीत. ओळखपत्र चौघांचंही न्या, मुलांचं धरून.

रेल्वेत बारा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण तिकीट लागतं, त्यामुळे १३ वर्षांच्या मुलाला अर्ध्यात बसवता येणार नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीतल्या गाड्यांसाठी त्याच दिवशी सकाळी बसा.

मुलगा १५, पुतण्या १६. दोघांना फक्त ‘मन्नत’ आणि मॉल. म्युझियमचं नाव काढलं की तोंडं वाकडी होतात. आम्हाला वाटतं एवढं कोल्हापूरहून आलो तर काहीतरी बघावं.

शाहरुख खानचं घर, मन्नत, बाहेरून बघायला एक पैसा लागत नाही, मग अडवता कशाला? एक अख्खी दुपार त्या दोघांच्या ताब्यात द्या. मार्ग त्यांनी शोधायचा, तिकिटं त्यांनी काढायची, तुम्ही मागून चालायचं. वांद्रे स्टेशनवरून बसने बँडस्टँड, फाटकासमोर फोटो. मग तसंच टोकापर्यंत चालत गेलं की पोर्तुगीजांनी बांधलेला वांद्र्याचा किल्ला येतो. तिथून सी-लिंक जसा दिसतो तसा पुलावरून गाडीने जाताना दिसत नाही. किल्ला बघितला हे पोरांच्या लक्षातही येणार नाही, बघून झालेला असेल.

मॉलबद्दल माझं मत कडक आहे. मॉल कोल्हापुरातही आहेत. पाऊस आला किंवा कुणाला बरं वाटेनासं झालं तरच जा.

दुसरा एक दिवस तुमचा. तो सगळा पायी, साधारण पाच किलोमीटरचा. सीएसएमटीच्या बाहेर सुरुवात करा. १८८० च्या दशकात पूर्ण झालेली ही इमारत, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण मुलांना साल सांगू नका, दगडातले प्राणी मोजायला सांगा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. कोण कुणाचं प्रतीक, ते त्यांना ओळखू द्या. (सिंह इंग्लंडचा, वाघ आपला.) तिथून आझाद मैदान. १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली ती इथेच. क्रिकेटवेड्या पोराला या मातीवर उभं करा, तोंड आपोआप सरळ होतं. शनिवार-रविवारी तिथे एकाच वेळी इतके सामने चाललेले असतात की कुठला क्षेत्ररक्षक कुणाचा हे कळत नाही. फुकट बघायला याहून चांगलं काही मला तरी माहीत नाही.

पुढे ओव्हल मैदान. मधोमध उभं राहून एकीकडे बघितलं तर राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, टोकदार कमानींचं एकोणिसावं शतक. पाठ फिरवली की गोलसर गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती, विसाव्या शतकातल्या. या दोन्ही मिळून २०१८ मध्ये वारसा यादीत गेल्या. मग काळा घोडा. जहांगीर कलादालनाला तिकीट नाही. आत जा, पंधरा मिनिटांत कंटाळा आला तर बाहेर या, काही बिघडत नाही. शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र तिकिटाचं आहे आणि प्रचंड आहे. सगळं बघायचा हट्ट धरलात तर मुलं कायमची दुरावतील. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एकच दालन निवडायचं, तासाभरात खाली भेटायचं. शेवटी गेटवे, आणि सूर्य मावळायला मरीन ड्राइव्हचा कठडा.

मी एकटी आई, जळगावची. मुलगी १६, मुलगा १४. लोकलची धास्ती वाटते. मुलाला लेडीज डब्यात नेता येईल का?

नाही. बारा वर्षांखालचा मुलगाच आईबरोबर महिलांच्या डब्यात चालतो. त्यामुळे तिघांनी जनरल डब्यातच एकत्र बसा, आणि वेळ अशी निवडा की बसायला मिळेल. सकाळी अकरानंतर निघा, संध्याकाळी पाचच्या आत परता. ते जमलं नाही तर जेवूनखाऊन नऊनंतर. संध्याकाळी पाच ते नऊच्या मधली लोकल म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे आहे तीच लोकल.

एखादा डबा रिकामा दिसला म्हणून आनंदाने चढू नका. तो बहुधा फर्स्ट क्लास असतो, नाहीतर दिव्यांगांचा. बाहेरगावचे लोक दंड भरतात तो इथेच. एसी लोकललाही सेकंड क्लासचं तिकीट चालत नाही.

चढण्याआधी एक नियम ठरवा. ताटातूट झाली तर फलाटावर राहिलेल्याने तिथेच थांबायचं, पुढे गेलेल्याने गाडी जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे उतरून थांबायचं. दोघांनीही एकमेकांना शोधत हिंडायचं नाही. हे मी शहाणपणाने सांगत नाही. दादरला माझा मुलगा फास्ट गाडीत चढला आणि मी फलाटावर राहिले. तो कुर्ल्याला उतरून मला शोधायला परत दादरला आला, तोवर मी त्याला शोधायला कुर्ल्याला निघालेली. तुमचा नंबर मुलांच्या खिशात कागदावर लिहून ठेवा, कारण चार्जिंग नेमकं तेव्हाच संपतं. रेल्वेची मदत १३९ वर मिळते. दादरचे जुने फलाट क्रमांकही डोक्यातून काढा. डिसेंबर २०२३ पासून मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेचे क्रमांक सलग आहेत.

एवढं करूनही भीती वाटली तर भुयारी मेट्रो ३ आहे. कफ परेड, चर्चगेट, सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, वरळी, सिद्धिविनायक, दादर, बीकेसी असा तिचा मार्ग आहे. तिकीट १० ते ७० रुपये, म्हणजे लोकलहून महाग, पण थंडगार आणि दारात लोंबकळणं नाही. दिवसातून एकदा तिने जा, मुलांनाही आवडते.

संगमनेरहून चौघं येतोय. खाण्याचा खर्च दिवसाला हजारात बसेल?

बसेल, एक जेवण आणि बाकी खाणं असं धरलंत तर. दुपारी पोटभर थाळी घ्या, ती बहुतेक ठिकाणी रात्रीपेक्षा स्वस्त पडते. सकाळी इराण्याकडे बनमस्का-चहा. धोबीतलावचं क्यानी १९०४ पासून आहे, आणि मोडक्या खुर्च्यांसकट मुलांना ते जाम आवडतं, फोटो छान येतात म्हणे. दादरला असाल तर स्टेशनजवळ मामा काणे. रात्री वडापाव, पावभाजी, डोसा. चौपाटीवर भेळ सांगण्याआधी भाव विचारा. गेटवेच्या आजूबाजूला फक्त पाणी प्या, तेही घरून भरून आणलेलं.

संगमनेरला रेल्वे नाही, म्हणजे तुम्ही एसटीनेच येणार. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, मुलीलाही. तिथे वाचलेले पैसे थाळीत घाला.

मडगावहून शुक्रवारी रात्री निघून मंगळवारी परत. कुठल्या दिवशी काय बंद असतं? घारापुरीला जावं का?

सोमवारी घारापुरी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद, नेहरू तारांगण बंद. तुमचा सोमवार वांद्रे आणि बाजारांसाठी ठेवा. राणीची बाग आणि तिथलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, ते तुम्हाला आडवं येत नाही. पेंग्विन आणि १८७२ चं छोटंसं देखणं संग्रहालय एकाच आवारात, भायखळा स्टेशनवरून चालत. रविवारी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही मार्गांवर लोकल बंद) असतो, तेव्हा आदल्या दिवशी कुठल्या मार्गावर आहे ते बघूनच बेत आखा. रविवारी फोर्ट भाग मात्र मोकळा मिळतो.

घारापुरी मी तुम्हाला सुचवणार नाही. लेणी अप्रतिम आहेत, त्रिमूर्तीसमोर भले भले गप्प होतात. पण खर्च आहे तो होडीचा, आणि दिवस जवळजवळ पूर्ण जातो. गोव्याच्या मुलांना होडीचं काय कौतुक? त्याऐवजी शनिवारी कान्हेरीला जा. राष्ट्रीय उद्यानाच्या आत शंभराहून जास्त लेणी, दगडात कोरलेली पाण्याची टाकी, वर चढून गेलं की सगळीकडे जंगल आणि पलीकडे इमारती. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटात पंधरा वर्षांपर्यंतची मुलं फुकट असतात, म्हणून मुलांचं आधार कार्ड जवळ ठेवा. उद्यानाचं तिकीट वेगळं.

मुलीला फॅशन स्ट्रीटवर खरेदी करायची आहे. हातात किती पैसे द्यावेत?

आकडा तुमचा तुम्ही ठरवा. पण तो पहिल्याच दिवशी, एकदाच आणि रोख द्या. रोज शंभर-दोनशे देत बसलात तर रोज शंभर-दोनशेची घासाघीस होते. पाकिटावर तिचं नाव लिहा, उरतील ते तिचे असं सांगा, आणि मग कशालाही ‘नको’ म्हणू नका. आमच्या भाचीने पहिल्या दुकानात भाव न करता टॉप घेतला. चार पावलांवर तोच टॉप निम्म्या भावात दिसला. पुढचा तासभर ती अशी घासाघीस करत होती की मी लांब जाऊन उभी राहिले.