थडग्यात फुलदाणी कशाला?

प्रश्न असा आहे: इट्रुस्कन (रोमनांच्या आधीचे मध्य इटलीतले लोक) थडग्यांत सापडणाऱ्या चित्रित 'फुलदाण्यां'वर सिंह, बिबटे, स्फिंक्स का काढलेले असतात, आणि 'फुलदाणी'ला जरा भारदस्त मराठी शब्द आहे का?

आधी ती फुलदाणी खाली ठेवा. इंग्रजीत 'व्हाज' दिसला की फुलदाणी लिहून मोकळं व्हायचं, ही खोड काही जात नाही. त्या भांड्यांत फुलं ठेवायला ती घडवलेलीच नव्हती. वाइन, पाणी, तेल, नाहीतर दहन झालेल्या माणसाची राख, असा त्यांचा उपयोग. दक्षिण इटलीत अपुलिया भागातले इ. स. पू. चौथ्या शतकातले मोठाले क्रेटर, म्हणजे वाइनमध्ये पाणी मिसळायचे कुंभ, तर कित्येकदा बुडाला भोक ठेवूनच केलेले, निव्वळ थडग्यासाठी. घाला त्यात पाणी! आपल्याकडे इनामगावच्या उत्खननात दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. त्या कुंभांना कोणी फुलदाण्या म्हणालं नाही. कुंभ, रांजण, मृद्भांडी हे शब्द घरात पडून आहेत, तेच वापरा.

खरी मजा 'दाणी'त आहे. 'दाणी' म्हणजे देणारी, संस्कृत 'दान'वरून आलेली, असं छातीठोक सांगणारे पंडित अजून भेटतात. मग पिकदाणी काय देते, महाराज? हा फारसी 'दान', म्हणजे ठेवायची जागा. संस्कृतात 'धा' म्हणजे ठेवणे, त्यापासून झालेल्या 'धान'चा हा चुलतभाऊ. थोडक्यात, अत्तरदाणी आणि राजधानी एकाच कुळातल्या. (मच्छरदाणीत डास ठेवतात का, हा आक्षेप ऐकून झाला आहे. प्रत्यय रुळला की कुठेही चिकटतो.) याच कुळातला ग्रीक शब्द 'थेके': पेटी, खण. 'बिब्लिओथेके' म्हणजे पुस्तकं ठेवायची जागा. आणि याच 'थेके'चा ग्रीकमधला दुसरा अर्थ? थडगं! म्हणजे दाणी थडग्यात बरोबरच होती, चुकलं ते फूल. माझं तर म्हणणं आहे की 'ठेवणे' आणि 'मरण' यांचं सूत माणसाच्या मनात फार जुनं जुळलेलं असावं. आपले संतही मरत नाहीत, देह ठेवतात. हा योगायोग आहे म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

हो, जनावरं राहिलीच. साधारण इ. स. पू. 630 ते 540 या काळात व्हल्चीसारख्या इट्रुस्कन गावांतले चित्रकार कोरिंथ या ग्रीक शहरातल्या भांड्यांची नक्कल करत भांड्यांवर जनावरांच्या रांगा काढत होते. त्यात सिंह बाजूने दिसतो, बिबट्या मात्र मान वळवून थेट आपल्याकडे बघतो. तो थडग्याचा राखणदार, असं सरसकट ठोकून देतात ते मला पटत नाही. तीच रांग अत्तराच्या इवल्या कुप्यांवरही आहे, आणि अत्तर जिवंत माणसंही लावत. तार्क्विनिया या इट्रुस्कन गावाच्या 'बिबट्यांच्या थडग्या'त गोष्ट वेगळी. इ. स. पू. 480-470 च्या सुमाराचं ते थडगं. तिथे मेजवानीच्या चित्राच्या वर, भिंतीच्या त्रिकोणात, झुडपाच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन ठिपकेदार बिबटे आहेत. तिथे राखणदार म्हणा, हरकत नाही. अपुलियाच्या क्रेटरांवर धरायचे कान जिथे भांड्याच्या खांद्याला टेकतात तिथे हंसांच्या माना असतात. ते बघून कोणी आपला 'हंस म्हणजे आत्मा' तिकडे नेऊन बसवू नये. तशी मान इटलीतल्या कांस्याच्या पळ्यांच्या दांड्यांवरही सापडते, आणि पळी वाइन वाढायला असे.