पॅच आधी वाचवा, अपडेट मग

गणपती जवळ आले की या सदराकडे गिटारच्या इफेक्ट प्रोसेसरचे प्रश्न यायला लागतात. कुणाकडे बॉस, कुणाकडे झूम, कुणाकडे लाइन ६, पण विचारणं साधारण एकच, फर्मवेअर अपडेट करू का आणि केलं तर माझे पॅच, म्हणजे मशीनमध्ये साठवलेले आवाज, जातील का. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे, ट्यूबच्या अँपचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : इचलकरंजीच्या एका ऑर्केस्ट्रात मी लीड गिटार वाजवतो. माझ्याकडे बॉस जीटी-१ आहे, चार वर्षांत साठेक पॅच स्वतः बनवलेत, लावणीपासून आरडीच्या गाण्यांपर्यंत. दुकानदार म्हणतो अपडेट मारून घ्या. मारू का? पॅच उडतील का?

गणपती होईपर्यंत हात लावू नका. मशीन आज नीट वाजतंय, तुमचे पाय त्याला सरावलेत, आणि पुढचे दहा दिवस रोज स्टेजवर उभं राहायचंय, अशा वेळी नव्या फर्मवेअरमध्ये काय बदललंय हे शोधत बसायला वेळ कुठून आणणार. विसर्जन झालं की निवांत एक दिवस काढा.

आता पॅचचं. फर्मवेअर म्हणजे मशीनचा स्वतःचा प्रोग्राम, जो बटणं वाचतो, स्क्रीन चालवतो आणि इफेक्टचं गणित करतो. तुमचे पॅच म्हणजे नुसते आकडे, गेन इतका, डिले इतका मिलिसेकंद, कोरस चालू की बंद, आणि ते मेमरीच्या वेगळ्या भागात असतात. त्यामुळे बहुतेक अपडेट पॅचला धक्का लावत नाहीत. पण एखाद्या अपडेटमध्ये मेमरीची मांडणीच बदलते किंवा अपडेटनंतर फॅक्टरी रीसेट करावा लागतो, आणि मग सगळं जातं. तुमच्या साठ पॅचमध्ये चार वर्षांच्या रिहर्सल आहेत, मशीन उद्या दुकानात परत मिळेल पण ते पॅच मिळणार नाहीत, म्हणून बॅकअप हा अपडेटचा भाग समजू नका, अपडेट करा नाहीतर करू नका, बॅकअप आजच घ्या. त्याला गणपती आडवा येत नाही.

जीटी-१ साठी आधी लॅपटॉपवर बॉसचा ड्रायव्हर टाका, मग बॉस टोन स्टुडिओ हे त्यांचं सॉफ्टवेअर, आणि मगच केबल जोडा. ड्रायव्हर नसताना जोडलं तर लॅपटॉप गोंधळतो आणि मग निस्तरत बसावं लागतं. टोन स्टुडिओत मशीनच्या ९९ यूझर जागा दिसतात, त्यातले तुमचे पॅच निवडून नव्या लाइव्हसेटमध्ये, म्हणजे पॅचच्या यादीत, न्यायचे आणि तो लाइव्हसेट एक्सपोर्ट करायचा, टीएसएल नावाची फाइल बनते. फाइलला तारीख आणि फर्मवेअरचा आकडा लावून नाव द्या, नुसतं 'बॅकअप' किंवा 'नवीन फायनल' असं ठेवू नका, सहा महिन्यांनी कळत नाही कुठली कुठली ते. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर, आणि एक तुमच्या कीबोर्डवाल्याला व्हॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी करत नाही. फाइल बनली म्हणजे बॅकअप झाला असं नसतं. तुमच्याकडचा एखादा बिनकामाचा पॅच घ्या, त्यातला डिले शून्यावर आणा, राइट (सेव्ह) करा, मशीन बंद करून चालू करा, डिले गेलेला आहे याची खात्री करा, आणि मग त्याच फाइलमधून तो पॅच परत मशीनमध्ये लिहा. डिले परत ऐकू आला तर तुमचा बॅकअप खरा. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात.

अजून एक, टीएसएल फाइलमध्ये पॅच असतात, मशीनची सिस्टीम सेटिंग त्यात येत नाहीत. तुम्ही थेट मिक्सरला लावत असणार, मग आउटपुट सिलेक्टमध्ये लाइन/फोन्स आहे की कुठला अँप निवडलाय, एक्सप्रेशन पेडल कसं लावलंय, ट्यूनर ४४० वर आहे की हार्मोनियमशी जुळवायला वरखाली केलाय, या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रश्न : झूम जी१एक्स फोर आहे. लॅपटॉपला जोडला की चालू होतो, स्क्रीन लागते, पण झूमच्या गिटार लॅब सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही. मशीन खराब आहे का? (नाशिक)

मशीन बरं आहे हो, केबल बदला. दहातल्या आठ वेळा हेच निघतं.

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, लाल आणि काळी पॉवरच्या, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. पॉवरबँक किंवा स्पीकरबरोबर जी आखूड केबल येते तिच्यात पुष्कळदा फक्त लाल-काळी असते, बाकीच्या दोन घातलेल्याच नसतात. माझ्याकडे अशी एक केबल तुटली तेव्हा मी ब्लेडने सोलून बघितली, आत दोनच केसासारख्या तारा आणि बाकी सगळा रबर. तुमचा झूम यूएसबीच्या पॉवरवरही चालतो, म्हणून स्क्रीन लागते आणि आपल्याला वाटतं केबल चांगली आहे, पण चाललीय ती फक्त वीज, माहिती नाही. घरात जुना मायक्रो-यूएसबीवाला मोबाइल असेल तर त्याच केबलने त्यातले फोटो लॅपटॉपवर येतात का बघा, येत नसतील तर ती केबल चार्जिंगच्या डब्यात टाका.

केबल चांगली निघाली तर मग मधला यूएसबी हब काढा, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडं असेल तर पूर्ण बंद करा, कारण विंडोजमध्ये मिडीचा पोर्ट, म्हणजे ज्यातून मशीन आणि लॅपटॉप बोलतात तो, एका सॉफ्टवेअरने धरला की पुष्कळदा दुसऱ्याला मिळत नाही, आणि गिटार लॅब बिचारं शोधत बसतं.

दिसायला लागला की पन्नासच्या पन्नास पॅच बॅकअप करा. गिटार लॅबमधून तुम्ही मशीनमध्ये नवे इफेक्ट टाकले असतील तर त्यांची यादी पण लिहून ठेवा, पॅच परत आणला पण त्यातला इफेक्टच मशीनमध्ये नसेल तर पॅच अर्धवट वाजतो आणि मग आपण उगाच पिकअप आणि तारांना दोष देत बसतो.

प्रश्न : अपडेट चालू असताना लाइट गेली. आता प्रोसेसर चालू केला की नुसता लोगो येतो, पुढे काही नाही. दुरुस्तीवाला बोर्ड बदलावा लागेल म्हणतो. (लातूर जिल्हा)

बोर्डाचे पैसे अजून देऊ नका.

अपडेट होताना मशीन जुना प्रोग्राम पुसतं आणि नवा लिहितं, मध्येच वीज गेली की अर्धा लिहिलेला राहतो आणि मशीन तिथे अडकतं. पण सुरुवातीला जागं होणारा एक छोटा प्रोग्राम असतो, बूटलोडर म्हणतात त्याला, तो बहुतेक मशीनमध्ये वेगळ्या जागी असतो आणि अपडेट त्याला हात लावत नाही. त्याला नेमकी बटणं दाबून जागं करता येतं. प्रत्येक मॉडेलची बटणं वेगळी, म्हणून इथे अंदाजाने लिहीत नाही, कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या अपडेटच्या पानावर किंवा मॅन्युअलमध्ये 'अपडेट मोड'खाली दिलेली असतात. सगळ्या केबली काढा, ती बटणं दाबून धरा, धरलेली असतानाच पॉवर द्या, स्क्रीनवर अपडेटचा मेसेज आला की बटणं सोडा आणि फर्मवेअर पुन्हा पहिल्यापासून पाठवा. एकदा नाही झालं तर दुसरा पोर्ट, दुसरी केबल, दुसरा लॅपटॉप. तीनचार वेळा शांतपणे करून बघा आणि मगच सर्व्हिस सेंटरला न्या.

माझ्या स्वतःच्या मशीनचं हे झालंय. मे महिन्यातली दुपार होती, बार सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलेला, आणि डोक्यावरचा पंखा मंद व्हायला लागला, तो आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता पण पेडलचा अडॅप्टर भिंतीत होता. बटणं दाबून मशीन संध्याकाळपर्यंत परत आलं, पण रिकामं आलं. त्यात एक क्लीन पॅच होता, आमच्या साउंडवाल्या काकांनी एका रात्री कार्यक्रम संपल्यावर माझ्याबरोबर खाली सतरंजीवर बसून जुळवून दिलेला, थोडा कोरस, थोडा कॉम्प्रेसर, आणि एक छोटा डिले जो ते हाताने टेबलावर ठेका धरून मोजत होते. काका आता नाहीत. मी तो पॅच पुष्कळदा बनवायला बसलो, जवळ जातो पण तो होत नाही, आणि त्या कोरसचा रेट किती होता हे सांगणारं आता कुणी नाही. त्या दिवशी पेनड्राइव्ह माझ्या खिशातच होता, मी बॅकअप घेतला नव्हता एवढंच.

म्हणून अपडेट करताना अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा, आणि इन्व्हर्टर बदलताना क्षणभर झटका देत असेल तर कॉम्प्युटरचा यूपीएस बरा. सेलवर चालणारं मशीन असेल तर नवे अल्कलाइन सेल, टीव्हीच्या रिमोटमधले काढून लावू नका. लॅपटॉपचं स्लीप बंद करा, विंडोज स्वतःचं अपडेट सुरू करणार नाही ना ते बघा. आणि बार थांबल्यासारखा वाटला तरी लगेच उपटू नका, वीसेक मिनिटं तरी थांबा.

प्रश्न : बडोद्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, लाइन ६ एचएक्स स्टॉम्प आहे. अपडेट केल्यापासून मिक्सरवाला म्हणतो सिग्नल फाटतोय. शिवाय मित्राने पाठवलेला प्रीसेट (पॅच) उघडतच नाही.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत या.

सिग्नल फाटतोय कारण बहुधा तुमची ग्लोबल सेटिंग फॅक्टरीवर गेली. ग्लोबल सेटिंगमध्ये इन्स/आउट्सचं पान उघडा आणि आउटपुट लेव्हल इन्स्ट्रुमेंट आहे की लाइन ते बघा. मिक्सरवाल्याने मागच्या वर्षीच्या लेव्हलप्रमाणे गेन लावलेला असणार आणि तुमच्याकडून आता जास्त येतंय, पूर्वी जे होतं तेच परत लावा. प्रीसेटला हात लावू नका, लोक इथेच चुकतात, एकेक प्रीसेटचा आवाज कमी करत बसतात आणि मग सगळा तोल बिघडतो.

मित्राच्या प्रीसेटचं असं की नवं फर्मवेअर जुना प्रीसेट वाचतं पण जुनं फर्मवेअर नवा वाचेलच असं नाही, कारण त्यात असा ब्लॉक, म्हणजे साखळीतला एखादा इफेक्ट किंवा अँप, असू शकतो जो जुन्याला माहीतच नाही. तुमच्याच मशीनचं बघा, नोव्हेंबर २०२० ला ३.० आलं तेव्हा स्टॉम्पमधले ब्लॉक सहाचे आठ झाले, आता आठ ब्लॉकचा प्रीसेट सहावाल्या मशीनने कुठे ठेवायचा. तेव्हा मित्राला त्याच्या फर्मवेअरचा आकडा विचारा, त्याचा तुमच्यापेक्षा पुढचा असणार. आणि तुमच्या लॅपटॉपवरचं एचएक्स एडिट हे सॉफ्टवेअर मशीनच्या फर्मवेअरला जुळणारं आहे का तेही तपासा.

तुमच्या मशीनचा बॅकअप सगळ्यात सोपा आहे. एचएक्स एडिटमध्ये फाइल मेनूत बॅकअप बनवण्याचा पर्याय आहे, त्यात प्रीसेट, आयआर (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाच्या फाइल) आणि ग्लोबल सेटिंग सगळं एका फाइलमध्ये येतं. आधी बॅकअप, मग अपडेट, फॅक्टरी रीसेट सांगितला असेल तर तो, आणि शेवटी रीस्टोर. अपडेटनंतर पहिल्यांदा चालू केल्यावर मशीन एकेक प्रीसेट नव्याने बांधत बसतं, स्क्रीनवर तसं लिहून येतं, ते संपेपर्यंत बंद करू नका. विकत घेतलेल्या आयआर फाइल मात्र लॅपटॉपवर वेगळ्या पण ठेवा.

प्रश्न : वडिलांचा नव्वदच्या दशकातला रॅक प्रोसेसर आहे, मडगावला लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. यूएसबी नाही. त्यातले आवाज वाचवता येतील का?

येतील, आणि लवकर करा. त्या काळच्या बऱ्याच मशीनमध्ये मेमरी जिवंत ठेवायला नाण्यासारखा सीआर२०३२ सेल असतो, तो संपला की पॅच जातात. सेल बदलायला कुणाला देण्याआधी हे करून घ्या.

मागे मिडी आउट असं लिहिलेलं पाच टाचण्यांचं गोल भोक आहे का बघा. मिडी १९८३ पासून आहे आणि सेकंदाला ३१,२५० बिट अशा संथ चालीने चालतं, पण पॅचला तेवढं पुरतं. यूएसबी-मिडी इंटरफेस घ्या, लॅपटॉपवर सिसएक्स, म्हणजे मिडीतून येणारी मशीनची स्वतःची माहिती, रेकॉर्ड करणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर टाका, रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग मशीनच्या मेनूतून बल्क डंप, म्हणजे सगळे पॅच एकदम, पाठवा. दोनदा घ्या आणि दोन्ही फाइलचा साइज जुळतो का बघा, वेगळा आला तर मध्ये काहीतरी गळलंय.

मिडी नसेल तर वही घ्या. एका पॅचला एक पान, प्रत्येक इफेक्टचा प्रत्येक आकडा, आणि स्क्रीनचा फोटो. त्याचबरोबर प्रत्येक पॅचवर एकच ओळ वाजवून रेकॉर्ड करा, आधी उघड्या तारा एकेक करून, मग एक कॉर्ड वाजवून तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, डिले आणि रिव्हर्बची शेपटी त्यातच ऐकू येते. गिटार कुठली, पिकअप कुठला, व्हॉल्यूम किती हे पानावर लिहा. वडील वाजवू शकत असतील तर ही रेकॉर्डिंग त्यांनाच करू द्या, आणि कुठला पॅच कुठल्या गाण्याला लावायचे ते विचारून त्याच पानावर लिहून घ्या.