शेतात सापडलेली भोकाची शिशाची चकती सूत कातायचीच, हे कशावरून ओळखतात?

भोकावरून. अशा चकत्या इंग्लंडात मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांना नेहमी सापडतात, आणि तो मणी कशावरून नाही ही शंका रास्त आहे. पण मण्याला दोरा ओवण्यापुरतं भोक पुरतं. ही चकती म्हणजे टकळीचं, सूत कातायला हाताने गरगर फिरवायच्या काडीचं, वजन; तिच्यातून पेन्सिलीएवढी काडी जायला हवी. शिवाय भोक बरोबर मधोमध हवं. शाळेत आम्हाला टकळी होती (हातातल्यापेक्षा तोंडाचीच जास्त चालायची). एकदा माझ्या टकळीची तार जराशी वाकली, तर ती अशी डुगडुगायला लागली की पीळ बसायच्या आत सूत तुटायचं. पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) संपला, पण हातभर सलग धागा काही निघाला नाही. भोक मधोमध नसलं तर तीच गत. काडी निमुळती असल्यामुळे पुष्कळदा भोकही एका बाजूला किंचित रुंद असतं.

काडी लाकडाची, ती मातीत कुजते. चकती उरते. युरोपात साधारण १३ व्या शतकात चरखा येईपर्यंत सगळं सूत असंच निघायचं, व्हायकिंग जहाजांची लोकरीची शिडंसुद्धा. त्यामुळे चकत्या कशाच्याही केलेल्या दिसतात: माती, दगड, गुराच्या मांडीच्या हाडाचा गोळा, घासून गोल केलेली खापरी. कॅनडातल्या लान्स ओ मेडोज इथे १९६४ साली उत्खननात मिळालेली चकती तर मऊ दगडाच्या फुटक्या भांड्यातून कोरलेली होती. कातणं हे बायकांचं काम, म्हणून त्या एवढ्याशा तुकड्यावरून त्या नॉर्स (व्हायकिंग लोकांच्या) वस्तीत बायकाही होत्या, असं मानतात.

काळ सांगणं मात्र अवघड. शिशाच्या साध्या चकत्या रोमन काळापासून मध्ययुगाच्या अखेरपर्यंत जवळपास सारख्याच, आणि नांगराने वर आलेल्या वस्तूला मातीच्या थराची साक्ष उरत नाही. नशीब असेल तर वस्तूच बोलते. लिंकनशायरमधल्या सॉल्टफ्लीटबीला २०१० साली डिटेक्टरवाल्याला मिळालेल्या शिशाच्या चकतीवर रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत ओडिन आणि हाइमडाल या नॉर्स देवांची नावं निघाली. ती साधारण ११ व्या शतकातली धरतात. सूत कातताना देवही गरगरत असणार!

तुम्हाला एखादी सापडलीच, तर नेमकी जागा टिपून ठेवा आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (इंग्लंड-वेल्समध्ये लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या) स्थानिक अधिकाऱ्याला दाखवा. आणि चिंच-बिंच लावून घासू नका. शिसं मऊ असतं, मातीबरोबर कोरलेलं अक्षरही निघून जाईल.